तिव्यात बसलेली गाय: ताप की ऊन, झोप की ग्लानी?

पावसाळा लागला की तिव्याचे, म्हणजे गुरांच्या तीन दिवसांच्या तापाचे, फोन पहाटेच सुरू होतात. "आप्पा, गाय उठंना." तीस वर्षं गोठ्यांतून फिरलो, माझा पहिला प्रश्न ठरलेला: ताप मोजला का? आणि उत्तरही ठरलेलं: "कान गार हायत, ताप नसंल."

गफलत होते ती इथंच. कान गार पडतात ते बऱ्याचदा ताप चढत असताना. डास-चिलटांमार्फत तिव्याचा विषाणू अंगात शिरला की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-१, टीएनएफ अशी रसायनं सोडतात. हा सांगावा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत गेला की तिथं प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होतं आणि अंगाच्या उष्णतेचा काटा १०२ वरून १०५ वर सरकतो. तो आकडा गाठेपर्यंत गायीला चक्क थंडी वाजते. कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं, केस उभे राहतात, मांड्या थरथरतात. म्हणून हातावर भरवसा ठेवू नका.

थर्मामीटरला दोरी आणि दोरीला कपड्यांचा चिमटा बांधा. टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात सरकवा, चिमटा शेपटीच्या केसांना अडकवा. पारा शेणाच्या गोळ्यात रुतला तर आकडा खोटा येतो, टोक आतल्या भिंतीला टेकलं पाहिजे. दोन मिनिटं थांबा. गायीचं १०१ ते १०२.५ ठीक, तिव्यात १०४ ते १०६ दिसतं.

मोजायचं पहाटे. दुपारी उन्हानंही आकडा वर जातो, पण उन्हानं तापलेली गाय धापा टाकते, सावली आणि पाणी शोधते. तिचा काटा जागेवरच असतो, अंग तेवढं तापलेलं असतं. तिच्यावर पाणी मारा, बरं वाटेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिव्याच्या गायीवरही चार बादल्या ओतल्या होत्या. बिचारी इतकी कुडकुडली की मालकिणीनं मलाच गोणपाट आणायला धाडलं. बाईचं बरोबर होतं.

आता सुस्तीबद्दल, कारण खरी घाबरगुंडी त्यानंच उडते. डॉक्टरांनी मेलोक्झिकॅमचं इंजेक्शन दिलं, ताप १०२ वर आला, तरी गाय डोळे मिटून बसलेली. लगेच "अजून एक सुई द्या" म्हणून तगादा. देऊ नका. हे औषध प्रोस्टाग्लँडिन अडवतं, इंटरल्युकिन नव्हे. १९८०च्या दशकात जेम्स क्रूगर यांच्या चमूनं सशांना इंटरल्युकिन-१ टोचलं, तेव्हा ताप आला आणि गाढ झोपही वाढली. ताप औषधानं रोखला तरी झोप तशीच राहिली. म्हणजे निरोप्या एक, वाटा दोन. (डायक्लोफिनॅक हे तापाचंच दुसरं औषध मात्र कुणी देऊ केलं तरी नको. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे.)

झोप ओळखायची अशी. निरोगी गाय दिवसात जेमतेम चार तास झोपते, त्याशिवाय बराच वेळ रवंथ करत पेंगते. आजारी गायीसमोर हिरवा घास खसखसवा. कान वळले, डोळा उघडला, नाकपुडी हलली, तर बसू द्या. खाली जाड पाचट टाका, पाणी तोंडाशी ठेवा, दर तीन-चार तासांनी कूस बदला. रवंथ परतली की निम्मी लढाई जिंकली. बहुतेक गायी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून उठतात.

तोंडानं काढा, तेल, गूळपाणी काहीच पाजू नका. तिव्यात गिळायची ताकद कमी होते, ढोस फुफ्फुसात उतरतो. तापातून सुटली असती अशी गाय बाटलीनं गेलेली मी पाहिली आहे.

आणि घास खसखसवूनही कान हलला नाही, मान वाकडी होऊन बरगडीवर पडली, तर ती झोप नव्हे. तिव्यात रक्तातलं कॅल्शियम उतरतं, बहुधा त्याचीच ही ग्लानी. सकाळची वाट न बघता त्याच क्षणी डॉक्टरांना फोन लावा, आणि शेवटचं तापमान किती वाजता किती होतं ते आधी सांगा.