फ्लॅट भाड्याने देताय? चावी द्यायच्या आधी गॅस आणि वायरिंग बघून घ्या

कांदिवलीचा आमचा वन बीएचके बरीच वर्षं भाड्यावर आहे. सुरुवातीला मी दर वेळी काय करायचे, तर रंग काढायचा, ॲग्रीमेंट रजिस्टर करायचं, पोलीस व्हेरिफिकेशन उरकायचं आणि चावी द्यायची, गॅस आणि लाईटकडे कोण बघतंय. मग एका जुलैत भाडेकरूचा फोन आला की काकू, बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. जाऊन डीबीचं, म्हणजे घरातल्या खटक्यांच्या पेटीचं, झाकण उघडायला लावलं तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा खटका, नुसता शोभेला, त्याच्यात जाणाऱ्या आणि येणाऱ्या वायरी काढून एकमेकींना पिळलेल्या आणि वर काळी टेप. झालं असं होतं की बाहेरच्या भिंतीतून ओल येऊन एका स्विचबोर्डात पाणी झिरपत होतं, त्यामुळे आरसीसीबी सारखा पडायचा, म्हणून यांनी नाक्यावरून कोणाला तरी बोलावलं आणि त्याने ‘डायरेक्ट’ करून दिलं. गीझरची अर्थिंगची वायर आधीच सुटलेली होती, म्हणजे गळणारा करंट नळापर्यंत येणार आणि तो तोडायला खटकाही नाही.

लंडनचा माझा भाचा सांगतो की तिकडे घरमालकाला दरवर्षी गॅसची तपासणी करून त्याचा कागद भाडेकरूला द्यावाच लागतो आणि वायरिंगची तपासणी निदान ५ वर्षांतून एकदा. आपल्याकडे भाड्याच्या फ्लॅटसाठी असला कागद कोणी मागत नाही, त्यामुळे आपली शिस्त आपणच लावायची. मी भाडेकरू बदलताना आणि मधे मे महिन्यात, पावसाच्या आधी, असं बघते.

लाईटचं आधी. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा खटका, वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो, हे दोन वेगळे आहेत. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या वर गेल्याशिवाय हलत नाही आणि माणसाचा जीव जायला १ अँपिअरचा दहावा भागही पुरतो, म्हणून घराला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी पाहिजेच. त्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे, नाही पडला तर बदला. मात्र बटण दाबून पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं नाही, अर्थिंग वेगळं मोजून घ्यायचं. आणि आरसीसीबी सारखा पडतोय म्हणजे तो बिघडलाय असं धरून चालू नका, बहुतेक वेळा तो आपलं काम करत असतो, आधी ओल कुठे आहे ते शोधा.

एमसीबी पडतो म्हणून १६ काढून ३२ चा टाकणारे महाभाग पण भरपूर. मग एमसीबी पडत नाही पण भिंतीतली वायर तापते. ३ किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर खेचतो, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि डीबीतून थेट आलेली वेगळी लाईन लागते, एक्स्टेंशन बोर्ड नको. एसी वाढवला असेल तर बिलावरचा मंजूर लोड बघा आणि कमी असेल तर अदानी, टाटा, बेस्ट, महावितरण जी तुमची कंपनी असेल तिच्याकडे अर्ज करून वाढवून घ्या. जुन्या बिल्डिंगमध्ये पट्टीवरचं वायरिंग असेल, अर्थिंगची हिरवी वायरच नसेल, तर तिथे मलमपट्टी करत बसू नका, वायरिंग नवीन करा.

माणूस सरकारी लायसन्स असलेला बोलवा आणि त्याला मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणायला सांगा. ५०० व्होल्टचा मेगर लावून १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर वायरिंगमध्ये लीकेज आहे. आकडे बिलावर लिहून सहीशिक्का मागा, कुरकुर करतात, पण देतात.

आता गॅस. सिलेंडर असेल तर नारंगी सुरक्षा होज लावा, त्यावर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी बदला, चीर दिसली तर त्याआधीच. सिलेंडरच्या कड्याजवळ आतल्या पट्टीवर ए, बी, सी, डी पैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, तसं पुढे तीन तीन महिने. ती टेस्टची मुदत, ती उलटून गेली असेल तर सिलेंडर घेऊच नका. जॉइंटला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी पेटवून नाही, हे अजून सांगावं लागतं.

पाइप गॅसमध्ये खरा घोळ मॉड्युलर किचनवाले करतात. कपाट सुंदर दिसावं म्हणून मीटर आणि पाइप आत बंद करून टाकतात, खिडकीला काच लावतात, आणि मग वास आला तरी कळणार कसा. पाइप भिंतीत लपवायचा नाही, सरकवायचा असेल तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, हे मी भाडेकरूला स्वतःच्या हाताने फिरवायला लावते.

गॅस गीझर बंद बाथरूममध्ये ठेवायचाच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आंघोळीला गेलेला माणूस आतच कोसळतो. मी तर करारातच लिहिते की गॅस गीझर लावायचा नाही.

बिल्डिंगचं पण विचारा. २००६ च्या महाराष्ट्राच्या फायर कायद्याप्रमाणे बिल्डिंगमधली फायर सिस्टीम चालू असल्याचा फॉर्म बी लायसन्सवाल्या एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. सेक्रेटरीला कॉपी मागा. जाता जाता मीटर रूममध्ये डोकवा, आमच्याकडे तिथे गणपतीचं मखर आणि कोणाच्या तरी जुन्या गाद्या निघाल्या, तीन मीटिंगा झाल्या तेव्हा हलल्या.

चावी देताना डीबी, होजची तारीख, व्हॉल्व्ह, गीझरचं सॉकेट यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवते आणि ‘बघितलं’ असं लिहून घेते. फ्रिजवर कागद लावते: गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, व्हॉल्व्ह किंवा रेग्युलेटर बंद, दारं खिडक्या उघडा, बाहेर जाऊन मग फोन करा. सिलेंडरसाठी १९०६, पाइप गॅसचा नंबर बिलावरून उतरवलेला, फायर ब्रिगेड १०१. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली फरशीवर साठतो, पाइपचा हलका, छताकडे जातो, तेही लिहिते. मागच्या भाडेकरूने तो कागद काढून त्या जागी दूधवाल्याचं कार्ड लावलं होतं, म्हणून आता लॅमिनेट करून किचनच्या दाराच्या आतल्या बाजूला स्क्रूने ठोकलाय.