जोडीने हॅमॉक कॅम्पिंगला जाताय? कॅम्पग्राउंड निवडताना या चुका टाळा

फोटोत झाडं दिसली की लोक बुकिंग करून मोकळे होतात. सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून आधी तीच घेते. कॅम्पग्राउंडवर झाडं असणं आणि त्या झाडांना दोन हॅमॉक, म्हणजे झोपायचे कापडी झुले, टांगता येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन झाडांमध्ये साधारण 4 ते 5 मीटर अंतर हवं, झाड जिवंत हवं, आणि खोड निदान 15-20 सेंटीमीटर जाड. मी टेप वगैरे नेत नाही, सहा पावलं मोजते आणि खोडाला दोन्ही पंज्यांनी वेढा घालून बघते, बोटं एकमेकांना टेकली तर ते झाड बाद, मग जागा कितीही सुंदर असो.

मागे आमच्या शेजारच्या साईटवर एक जोडपं अंधार पडल्यावर आलं. तळ्याकाठची साईट, फोटो बघून घेतलेली, आणि तिथे कामाची दोनच झाडं, त्यांच्यात जवळजवळ 8 मीटर अंतर. एवढ्या अंतरावर नीट झोल ठेवून हॅमॉक बांधायचं तर स्ट्रॅप, म्हणजे झाडाला गुंडाळायचा पट्टा, हात पोचणार नाही इतका वर न्यावा लागतो, तो त्यांना नेता येईना, मग नवऱ्याने दोऱ्या जोडून लांबी वाढवली आणि हॅमॉक जमिनीला टेकू नये म्हणून ते ओढून ओढून पार ताठ केलं. इथेच घात होतो. स्ट्रॅप आडव्या रेषेपासून 30 अंश खाली उतरत असेल तर प्रत्येक टोकावर साधारण आपल्या वजनाइतका ताण येतो, पण तोच कोन 10 अंशांवर आणला की ताण जवळपास तिप्पट, म्हणजे 70 किलोच्या माणसाचे एकेका टोकाला 200 किलो. मध्यरात्री जोडलेली गाठ सुटली आणि ती बिचारी कंबरेइतक्या उंचीवरून पाठीवर पडली, तेही झाडाच्या मुळावर. हाड मोडलं नाही हे नशीब. उरलेली रात्र दोघांनी गाडीत काढली आणि सकाळी ती म्हणाली की यापुढे तू एकटाच जात जा. मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण दोष ना तिचा होता ना हॅमॉकचा, बुकिंगच्या वेळी एक फोन केला असता तर ती आजही त्याच्याबरोबर गेली असती.

म्हणून फोन कराच, आणि फोनवर "झाडं आहेत का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. साईटचा नंबर सांगून विचारा की या साईटच्या हद्दीत जाड खोडाची किती झाडं आहेत, त्यांच्यात किती पावलं अंतर आहे, झाडाला हॅमॉक बांधायची परवानगी आहे का आणि एका साईटवर दोन चालतील का. काही ठिकाणी झाडाला काहीही बांधायला सक्त मनाई असते, काही ठिकाणी रुंद स्ट्रॅप असतील तरच देतात, आणि तो नियम बरोबरच आहे, बारीक दोरी सालीत रुतते आणि सालीखालचा जिवंत थर चेपला जातो. स्ट्रॅप कमीत कमी अडीच सेंटीमीटर रुंद हवा, मी 5 चा वापरते. परवानगीचं उत्तर मेसेजमध्ये लिहून घ्या, गेटवरचा माणूस दुसराच असतो.

दुसरी चूक म्हणजे "आमचं डबल हॅमॉक आहे, दोन झाडं पुरतील". नाही पुरत! डबल हॅमॉक दुपारी तासभर गप्पा मारायला छान आहे पण झोपायला अजिबात नाही. हॅमॉकमध्ये पाठ सपाट राहावी म्हणून थोडं तिरकं झोपावं लागतं, दोघं असली की तिरकं व्हायला जागाच नसते, दोघंही घसरत मधोमध येतात आणि रात्रभर एकमेकांचे खांदे दाबत बसतात. दोघांना दोन हॅमॉक घ्या. त्याला चार झाडं लागत नाहीत, त्रिकोणातली तीन पुरतात. मधलं झाड दोघांत सामायिक, त्यावर दोघांचाही भार येतो म्हणून तिघांतलं सगळ्यात जाड तेच निवडायचं. आम्ही डोकी त्या झाडाकडे ठेवतो, रात्री हळू बोललं तरी ऐकू येतं, आणि पहिल्यांदा बाहेर झोपणाऱ्याला त्याचा फार आधार वाटतो. कॅम्पग्राउंडचा नकाशा बघताना मी आधी हा त्रिकोण शोधते, व्ह्यू नंतर.

एकाच जोडीच्या झाडांवर एकावर एक हॅमॉक बांधायचं मनातही आणू नका.

वर बघा. बांधायच्या आधी, मान वर करून, नीट. वाळलेली फांदी लटकत असेल तर ती साईट सोडा, वारा नसतानाही अशा फांद्या पडतात.

दरीच्या तळाची जागा टाळा, रात्री गार हवा तिथेच साचते. उघडी टेकडीही नको, कारण हॅमॉकला वारा खालून लागतो, आणि स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग अंगाच्या वजनाने चेपला की ऊब धरत नाही. तापमान 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बहुतेकांची पाठ गार पडायला लागते, तेव्हा अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या खालून बांधायची रजई, हवंच. पाण्यापासून 60 मीटर तरी लांब राहा, दमट हवेत सकाळपर्यंत सगळं ओलं होतं आणि डासही तिथेच.

आणि बुकिंगच्या आधी जोडीदाराला नकाशा दाखवा ना! सरप्राइज द्यायच्या नादात लोक हे टाळतात. टॉयलेट किती लांब, वाटेत दिवा आहे का, शेजारी जनरेटर चालतो का, यातलं काय चालेल आणि काय नाही हे ज्याचं त्यालाच ठरवू द्या. नवीन लोक थेट "बेस्ट कॅम्पग्राउंड सांगा" म्हणतात, पण एकाच कॅम्पग्राउंडवर एक साईट उत्तम असते आणि पलीकडची बिनकामाची, ते साईटचा नकाशा उघडल्याशिवाय कळणारच नाही, आणि तेवढी दहा मिनिटं द्यायचीच नसतील तर सरळ टेंट घेऊन जावं.

पोचायचं ते सूर्यास्ताच्या दोन तास आधी. आधी हॅमॉक बांधा, एकाने हळूहळू वजन टाकत बसून बघा, दुसऱ्याने तेवढा वेळ स्ट्रॅप आणि गाठीवर लक्ष ठेवा, मग दुसरं हॅमॉक. बसायची उंची खुर्चीइतकी, साधारण 45 सेंटीमीटर, त्याहून वर नको. आणि गाडीत दोन मॅट आणि छोटा टेंट टाकून ठेवा, झाडं ऐनवेळी कामाची निघाली नाहीत तर जमिनीवर झोपता येतं.