पांढऱ्या भिंतीसमोर काळ्या पार्श्वभूमीचे पोर्ट्रेट कसे काढावे

काळा पडदा नसला तरी पोर्ट्रेटमागे गडद काळोख उभा करता येतो, कारण भिंत कोणत्याही रंगाची असो, तिच्यावर पुरेसा प्रकाश पडला नाही की ती फोटोत काळीच उमटते.

सुरुवात फ्लॅश बंद ठेवून करावी. कॅमेरा मॅन्युअल मोडवर घेऊन आयएसओ (प्रकाशाला सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंद आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ ठेवावे व एक फोटो काढावा. तो जवळजवळ पूर्ण काळा यायला हवा. खोलीतले काही दिसत असेल, तर दिवे मालवावेत किंवा अ‍ॅपर्चर एफ/११ करून छिद्र आणखी लहान करावे. शटरचा वेग मात्र कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडपुढे (फ्लॅशचा प्रकाश पूर्ण चौकटीवर पडू शकेल अशा सर्वाधिक शटर वेगापुढे) नेऊ नये, नाहीतर फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे अंतर. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फ्लॅशपासून चेहरा १ मीटरवर आणि भिंत ४ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या केवळ सोळावा हिस्सा प्रकाश मिळतो. तोच फ्लॅश आणखी २ मीटर मागे नेला, तर ही अंतरे ३ आणि ६ मीटर होतात, भिंतीला चौथा हिस्सा मिळू लागतो आणि काळोखाच्या जागी करडा रंग दिसतो. म्हणून फ्लॅश चौकटीत येणार नाही इतपत चेहऱ्याजवळ आणावा आणि व्यक्तीला भिंतीपासून शक्य तितके पुढे बसवावे. खोली लहान असेल, तर मी आधी फर्निचर हलवतो, मगच कॅमेरा हातात घेतो.

फ्लॅश स्टँडवर लावून ट्रिगरने (कॅमेऱ्याबरोबर फ्लॅश दुरून उडवणाऱ्या उपकरणाने) कॅमेऱ्याशी जोडावा आणि चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्यांहून थोडा उंच ठेवावा. प्रकाश जितका बाजूने येईल, तितका तो भिंतीला टाळून जातो. फ्लॅशवर सॉफ्टबॉक्स (प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी) असेल, तर त्यावर ग्रिड (प्रकाश एकाच दिशेला ठेवणारी जाळी) लावल्यास इकडेतिकडे सांडणारा प्रकाश आटोक्यात राहतो. ग्रिड नसेल तर फ्लॅश आणि भिंत यांच्यामध्ये काळा पुठ्ठा उभा करावा. फ्लॅशची पॉवर पूर्ण ताकदीच्या १/१६ पासून सुरू करून चेहरा योग्य उजळेपर्यंत वाढवावी किंवा कमी करावी.

शेवटी फोटो स्क्रीनवर मोठा करून सावलीकडची बाजू पाहावी. काळे केस काळोखात विरघळून कपाळच तेवढे अधांतरी दिसत असेल, तर त्या बाजूला किंचित मागे दुसरा फ्लॅश अगदी कमी पॉवरवर, लेन्सवर प्रकाश येणार नाही असा ठेवावा. केसांची कड आणि खांद्याची रेषा तेवढ्यानेही स्पष्ट उमटते.