दोन संगणक, एक मॉनिटर: कीबोर्ड आणि माऊससह जोडणी कशी करावी

एकाच टेबलावर डेस्कटॉप आणि कामाचा लॅपटॉप असे दोन्ही आले, की सर्वांत आधी जागा अपुरी पडते. समोर दोन कीबोर्ड ठेवले, तर हात हमखास चुकीच्या कीबोर्डवर जातो. यावर उपाय म्हणून बहुतेक जण थेट केव्हीएम स्विच विकत घेतात. केव्हीएम ही कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे आहेत. एक बटण दाबले की ही तिन्ही साधने एका संगणकाकडून दुसऱ्याकडे वळतात. माझा सल्ला मात्र असा आहे, की खरेदीपूर्वी मॉनिटरची मागची बाजू नीट पाहून घ्यावी. या जोडणीत कीबोर्ड आणि माऊस फारसा त्रास देत नाहीत. बहुतेक अडचणी चित्राच्या असतात, आणि मॉनिटरला स्वतःहून जे जमते ते त्याच्याकडेच सोपवले तर त्यांतील बऱ्याच टळतात.

मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या चित्राच्या जोडण्यांचे मिळून दोन इनपुट असतील, तर दोन्ही संगणक स्वतंत्र केबलने सरळ मॉनिटरला जोडावेत. त्यानंतर फक्त कीबोर्ड आणि माऊस वाटून घ्यायचे उरतात, आणि त्यासाठी साधा यूएसबी स्विच पुरेसा होतो. या छोट्या डबीतून दोन केबल दोन संगणकांकडे जातात, कीबोर्ड-माऊस डबीतच लावलेले राहतात, आणि बटण दाबले की डबीवरील दिवा एकावरून दोनवर जातो. चित्र बदलण्यासाठी मॉनिटरच्या बटणांवरून इनपुट निवडावा लागतो, म्हणजे दर वेळी दोन कृती कराव्या लागतात, हे खरे. पण संगणक आणि मॉनिटर यांच्यामध्ये कोणतेही उपकरण येत नसल्यामुळे चित्राचा दर्जा जसाच्या तसा राहतो. दिवसातून चार-पाच वेळाच अदलाबदल करायची असेल, तर मी हीच पद्धत निवडेन. शिवाय बऱ्याच मॉनिटरना डीडीसी/सीआय ही सोय असते, जिच्यामुळे संगणकावरूनच इनपुट बदलण्याची आज्ञा देता येते. लिनक्सवर डीडीसीयुटिल हा प्रोग्राम ते काम करतो आणि ती आज्ञा एखाद्या शॉर्टकट कळीला जोडता येते. त्याआधी मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय चालू आहे की नाही, हे पाहावे.

मागची बाजू पाहत असतानाच यूएसबीचे पोर्टही मोजावेत. चौकोनी, थोडे उंच असे टाइप-बी पोर्ट किंवा यूएसबी-सी पोर्ट संगणकाकडे जाणाऱ्या केबलसाठी असतात, आणि असे दोन पोर्ट असतील तर मॉनिटरमध्येच केव्हीएम असण्याची शक्यता बरीच असते. मेनूत कोणत्या इनपुटबरोबर कोणता यूएसबी पोर्ट चालावा हे एकदा ठरवून दिले, की इनपुट बदलताच कीबोर्ड आणि माऊसही त्याच संगणकाकडे जातात. अनेकांच्या टेबलावर ही सोय वर्षानुवर्षे न वापरता पडून असते.

मॉनिटरला एकच इनपुट असेल, किंवा तासाला दहा-बारा वेळा अदलाबदल करावी लागत असेल, तर मात्र पूर्ण केव्हीएम स्विच घ्यावा. तो निवडताना खोक्यावरील ‘४के’ या शब्दावर विसंबू नये, कारण खरा प्रश्न सेकंदाला किती वेळा चित्र ताजे होते हा आहे. ४के म्हणजे ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर नुसत्या चित्रबिंदूंचाच प्रवाह सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट होतो. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट आहे. त्यामुळे त्यावर बांधलेला स्विच ४के दाखवतो खरा, पण ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, आणि माऊसचा बाण अडखळत सरकताना स्पष्ट दिसतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० (१८ गिगाबिट) किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी हवा. केबलही त्याच क्षमतेच्या आणि शक्य तितक्या आखूड घ्याव्यात, कारण स्विचमुळे एकाऐवजी दोन केबल आणि वाढीव जोडण्या वाटेत येतात, आणि मधूनच पडदा काळा होण्याचे कारण बहुधा तिथेच सापडते.

आता खऱ्या डोकेदुखीकडे येऊ. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख, म्हणजे त्याला कोणते आकारमान आणि कोणता वेग चालतो याची माहिती, ईडीआयडी नावाच्या छोट्या नोंदीतून संगणकाला कळवतो. स्वस्त स्विच दुसऱ्या संगणकाकडे वळला, की पहिल्याच्या दृष्टीने मॉनिटर चक्क उपटून काढलेला असतो. माझ्या पहिल्या स्विचवर मी लॅपटॉपकडे वळून दहा मिनिटांनी डेस्कटॉपवर परत येत असे, तेव्हा तीन-चार सेकंद पडदा काळा राही आणि नंतर व्यवस्थित मांडून ठेवलेल्या सगळ्या विंडो लहान होऊन डाव्या कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या दिसत. दिवसातून वीस वेळा त्या पुन्हा मांडत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, म्हणून ईडीआयडी इम्युलेशन असलेला स्विच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो. असा स्विच ही ओळख स्वतःजवळ साठवून दोन्ही संगणकांना सतत पुरवत राहतो. डिस्प्लेपोर्टच्या जोडणीत हा त्रास विशेष जाणवतो, आणि काही मॉनिटर नुसता इनपुट बदलला तरी असेच वागतात. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंग्जखाली एकाहून अधिक डिस्प्लेंच्या भागात, मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू करून पाहावा, त्याने त्रास बराच कमी होतो.

जोडणी करताना दोन्ही संगणक बंद ठेवावेत. आधी मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस स्विचला लावावेत, मग पहिल्या संगणकाची चित्राची आणि यूएसबीची केबल एक क्रमांकाच्या जोडीत आणि दुसऱ्याची दोन क्रमांकाच्या जोडीत घालावी. या दोन जोड्यांची सरमिसळ झाली, तर चित्र एका संगणकाचे आणि टायपिंग दुसऱ्यावर असा प्रकार होतो. स्विचसोबत विजेचा अडॅप्टर आला असेल तर तो अवश्य लावावा. त्यानंतर स्विच, मॉनिटर आणि शेवटी एकेक करून संगणक सुरू करावेत.

कित्येक स्विचवर स्क्रोल लॉक किंवा कंट्रोल ही कळ दोनदा दाबून अदलाबदल करता येते. त्यासाठी स्विचवर कीबोर्डकरिता राखीव पोर्ट असतो; पण जादा कळी, रंगीत दिवे किंवा स्वतःचे यूएसबी पोर्ट असलेले कीबोर्ड तिथे नीट चालत नाहीत, काही कळी निष्क्रिय होतात. असे झाल्यास कीबोर्ड स्विचच्या साध्या यूएसबी पोर्टात लावावा आणि अदलाबदल बटणानेच करावी. वायरलेस कीबोर्ड-माऊसचा रिसीव्हर यूएसबी ३ पोर्टाला खेटून असेल, तर माऊस अडखळू शकतो, कारण त्या पोर्टाचा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि असा रिसीव्हरही त्याच पट्ट्यात चालतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर थोडा दूर न्यावा.

लॅपटॉपचा स्वतःचा पडदा उघडा ठेवून काम करणार असाल, तर कोणतीही डबी न घेता सॉफ्टवेअरनेही भागते. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातील माऊस विदाउट बॉर्डर्स चार विंडोज संगणकांपर्यंत चालते, दोन मॅकसाठी मॅकओएस १२.३ पासून युनिव्हर्सल कंट्रोल आहे, आणि एक विंडोज व दुसरा लिनक्स अशी जोडी असेल तर इनपुट लीप वापरावे. माऊसचा बाण एका पडद्याच्या कडेवरून सरकवला की तो दुसऱ्या पडद्यावर उमटतो, आणि पाठोपाठ कीबोर्डही तिकडे जातो. दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर असावेत, आणि इनपुट लीप जोडले जात नसेल तर फायरवॉलमध्ये २४८०० क्रमांकाचा नेटवर्क पोर्ट अडलेला नाही ना, हे तपासावे. कार्यालयाच्या लॅपटॉपवर असे काही बसवण्यापूर्वी परवानगी घ्यावी. संगणक सुरू होतानाचा बायोसचा (मूळ सेटिंगचा) पडदा मात्र या मार्गाने हाताळता येत नाही, म्हणून ज्या संगणकाला स्वतःचा कीबोर्ड नाही त्याच्यासाठी एक साधा वायरचा कीबोर्ड खणात ठेवावा.