तारेचा ब्रश, मोबाइलचं कॅलेंडर आणि पुण्याचा वारसा : या चुका टाळा

वर्षातून दोनदा पुण्याच्या पेठांत इतिहासाला भरती येते. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, आणि १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह. फ्लेक्स लागतात, हेरिटेज वॉक निघतात, कुठं श्रमदान, कुठं जुन्या फोटोंचं प्रदर्शन. लोक येतात याचा आनंदच आहे. पण चुका दरवर्षी त्याच, आणि दाखवल्या की उत्तरही तेच : 'सर, भावना महत्त्वाची.' भावनेला माझी हरकत नाही. ती तारेचा ब्रश घेऊन आली की मात्र आहे.

दगड घासू नका

शहराच्या हद्दीत आलेल्या जुन्या गावांत, देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचे) उभ्या असतात. उपनगरातल्या अशाच एका देवळात तरुणांच्या एका गटानं वारसा दिनाला श्रमदान ठेवलं. मला निरोप आला तो काम झाल्यावर : 'सगळं चकाचक केलंय, आता माहिती सांगायला या.'

गेलो. तीन टप्प्यांचा वीरगळ होता. खालच्या टप्प्यात लढाई आणि पडलेला वीर, मधल्यात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा. अप्सरांची नाकं-डोळे घासून गुळगुळीत झालेले. फरशी धुवायचं ॲसिड ओतून तारेच्या ब्रशनं रगडलं होतं, आणि 'उठून दिसावं' म्हणून वरून चंदेरी ऑइलपेंट. टप्प्यांच्या मधल्या पट्टीवर अक्षरांची एक ओळ होती. गावातल्याच एकाच्या जुन्या फोटोत ती स्पष्ट दिसते. आता तिथली मधली अक्षरं गेली. कायमची. त्या ओळीत वीराचं नाव होतं की गावाचं, हे त्या दगडावरून आता कुणालाच सांगता येणार नाही.

विचारलं, का घासलं? 'काळा पडला होता ना सर.' अहो, बेसाल्ट आहे तो. काळाच असणार. माझा चेहरा बघून एकानं तोडगाही सुचवला : 'पेंट काढायला ग्राइंडर मारू का?' पोरं वाईट नव्हती. रविवारची झोप मोडून आली होती. पण एका सकाळीत 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो हवे असले की असंच होतं. दगडाच्या कामात 'नंतर'चा फोटो 'आधी'सारखाच दिसला तर काम चांगलं झालं असं समजावं.

मी श्रमदानाला दगडाला हात लावूच देत नाही. भोवतालचा कचरा उचला, प्लास्टिक काढा, पायथ्याशी साचलेलं पाणी वाट काढून बाजूला न्या. दगडावर धूळ असेल तर फार तर कोरडा, रंगकामाचा मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवा, बस. मग चारही बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी, तोंड कुठल्या दिशेला, कुठं उभा आहे, हे वहीत. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोपटं उपटू नका. मुळासोबत दगड निखळून येतो. बुंध्याशी कापा आणि पुढचं जाणकाराला विचारा. वास्तू केंद्र किंवा राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्यानं संरक्षित केलेली असेल, तर यातलंही काही खात्याच्या परवानगीशिवाय करायचं नाही.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे शिलालेखावर खडू, पीठ किंवा भंडारा चोळणं. अक्षरं दिसतात खरी. पण पिठाला ओल लागली की बुरशी धरते, आणि खडू फिरवणारा माणूस त्याला वाटलेलं अक्षर गिरवतो. पुढचा येतो तो दगड वाचत नाही, खडू वाचतो. चुकीची वाचनं अशीच पसरतात. उपाय फुकट आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर जा, टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा, आणि तिरप्या उजेडात उजवीकडून, डावीकडून, वरून असे वेगवेगळे फोटो काढा. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं. पण संध्याकाळपर्यंत थांबायची कुणाची तयारी नसते.

शके, सन आणि मोबाइलमधला मंगळवार

दुसरी माझी दुखरी नस. शनिवारवाड्याची पायाभरणी शके १६५१, माघ शुद्ध तृतीया, शनिवार या दिवशी झाली. इंग्रजी तारीख १० जानेवारी १७३०. यात दोन सापळे आहेत, आणि दरवर्षी कुणी ना कुणी पायात अडकवून घेतंच.

पहिला सापळा बेरजेचा. 'शकात ७८ मिळवले की इसवी सन' एवढंच शाळेतलं लक्षात असतं. १६५१ अधिक ७८ म्हणजे १७२९, आणि तेच माहितीफलकावर छापून येतं. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, तिथं ७९ मिळवायचे. पौषात तर महिन्याच्या मध्येच जानेवारी लागू शकतो, तिथं नुसत्या बेरजेवर विसंबू नये, जंत्री (मिती आणि इंग्रजी तारखांची कोष्टकं) उघडावी.

दुसरा सापळा नव्या पिढीचा. एका वॉकमध्ये वाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर मी ही तारीख सांगत होतो, तर एका मुलानं मोबाइल वर केला : 'सर, १० जानेवारी १७३०ला मंगळवार होता. हे बघा.' मी म्हटलं, चहाच्या वेळी सांगतो, जरा गुंतागुंतीचं आहे. चहापर्यंत कोण थांबतंय? रील तयार झाली होती : 'शनिवारवाड्याचा पाया शनिवारी घातलाच नव्हता! लपवलेलं सत्य.' पुढचे कितीतरी वॉक मी पेशव्यांऐवजी त्या मंगळवारावर बोलण्यात घालवले.

सत्य कुणी लपवलेलं नाही. इंग्रजांनी आपलं कॅलेंडर १७५२ साली बदललं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. मराठ्यांच्या इतिहासात त्याआधीच्या तारखा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीनं देण्याचा प्रघात आहे. मोबाइल मात्र नवं कॅलेंडर तसंच मागं ओढत नेतो. अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर होतं. तेव्हा जुन्या १० जानेवारीच्या जागी मोबाइलमध्ये २१ जानेवारी १७३० बघा. शनिवारच दिसेल. वाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ची. तिथं २ फेब्रुवारी बघा, तोही शनिवार.

माझी सवय अशी : फलकावर, पत्रकात, कुठंही आधी मूळ मिती लिहायची, म्हणजे शक, महिना, पक्ष, तिथी, वार, आणि मग इंग्रजी तारीख. वार हा फुकटचा पहारेकरी आहे. तो जुळला नाही तर कागदावर संशय घेण्याआधी स्वतःचं गणित तपासा.

प्रत्येक भोक म्हणजे भुयार नव्हे

रस्ता खोदताना दगडी कमान दिसली की दुसऱ्या दिवशी बातमी ठरलेली : 'पेशवेकालीन गुप्त भुयार सापडलं'. मग ते भुयार थेट सिंहगडापर्यंत जातं. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, ते जमिनीखालच्या दगडी नळातून, नुसत्या उतारावर. वाटेत जागोजागी हवेसाठी उच्छ्वास, आणि शहरात ठिकठिकाणी हौद. नळ बऱ्याच ठिकाणी माणूस आत शिरेल एवढा मोठा आहे, त्यामुळे बघणाऱ्याला भुयार वाटणं साहजिक आहे. पण पंप नसताना डोंगराकडचं पाणी पेठेत आणून सोडणं ही जास्त मोठी बातमी नाही का? असं काही दिसलं तर नेमकी जागा, खोली, तळाला गाळ आहे का, उतार कुठल्या बाजूला, हे टिपा, फोटोत मोजपट्टी ठेवा, आणि कळवा महापालिकेच्या हेरिटेज विभागाला. खड्डा दोन दिवसांत बुजवतात.

लाल महालात बोटं दाखवू नका

'याच खिडकीतून शाहिस्तेखान पळाला.' नाही. ५ एप्रिल १६६३चा छापा खरा, लाल महालही खरा, पण आज उभी असलेली इमारत महापालिकेनं विसाव्या शतकात बांधलेली आहे. हे सांगितल्यानं कुणाचा रस कमी होत नाही.

वाडा हे कुणाचं तरी घर असतं

साठ माणसं घेऊन चौकात घुसू नका. वीस पुरे. आधी जाऊन विचारा, दिंडी दरवाज्यातून आवाज द्या, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू नका, आणि पोर्टेबल माइक घरी ठेवा. भाडेकरू आणि मालक यांच्यात दावा चालू असेल तर तुमचं 'वाचवा, वाचवा' कुणाच्या बाजूनं वापरलं जाईल याचा नेम नाही. तिथं वास्तूबद्दल बोला, माणसांबद्दल नको.

आणि मालकानं विचारलं, 'भिंतीला ओल येते, सिमेंटचा गिलावा करून टाकू का?', तर 'करा' म्हणू नका. जुनी भिंत विटांची नाहीतर मातीची, जोड चुन्याचा. तिच्यात शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडतं, मग ती वर चढते आणि भिंतीत गाडलेल्या लाकडाला गाठते. वर्षभर भिंत सुरेख दिसते, आणि गिलाव्याआड तुळईचं टोक कुजत असतं. चुन्याचं काम महाग पडतं, गवंडीही मिळत नाहीत, हे कबूल. मग निदान थोडं करा, पण चुन्यात करा. त्याआधी पन्हळ फुटलीय का ते बघा. ओल बहुतेक वेळा तिथूनच येते.

जेसीबी आल्यावर निवेदन

वाडा पाडायला लागल्यावर 'पुरातत्त्व खातं झोपलंय का?' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर ही केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं. त्यांच्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. राज्याची यादी वेगळी, महापालिकेची श्रेणीवार हेरिटेज यादी वेगळी. तुमचा लाडका वाडा यातल्या एकाही यादीत नसेल तर त्याला कायद्याचं छत्र जवळजवळ नाहीच. यादीचा किंवा विकास आराखड्याचा मसुदा निघतो, तेव्हा वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हरकती-सूचनांची जाहीर सूचना येते. ती कंटाळवाणी सूचना वाचून सिटी सर्व्हे नंबरासकट अर्ज देणारे लोक मला मोर्चात चालणाऱ्यांपेक्षा जास्त आवडतात. पोच घ्यायला विसरू नका.

'जुन्या आठवणी सांगा ना आजी'

या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं : 'तेव्हा सगळं फार छान होतं हो.' नेमकं विचारा. पानशेतचं धरण फुटून आलेलं पाणी, १२ जुलै १९६१. 'तुमच्याकडे पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं?' आजी उठतात, जिन्याशी जातात आणि बोट ठेवतात. मग तिथून सुरू होतं : धान्याची कोठी कुणी वर नेली, गाय सोडली की नाही, पुढचे दिवस कुणाकडे काढले. तो पायरीवरचा हात, जिना दिसेल असा, फोटोत घ्या आणि पायरीची उंची मोजा. रेकॉर्डिंगआधी पंखा बंद करा, टीव्ही बंद करा, आणि 'आजी, ते सांग ना' असं मधेमधे बोलणाऱ्या नातवाला चहा करायला पाठवा. सुरुवातीला नाव, वय, पेठ, तारीख हे त्यांच्याच आवाजात. आणि परवानगीशिवाय त्या आवाजाची रील करायची नाही.

उरलेल्या भराभर. जुने कागद लॅमिनेट करू नका. ते परत सुटत नाहीत. सेलोटेपही नको. मोडी ही जुनी लिपी वाचता येत नाही म्हणून घरातलं दप्तर, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, रद्दीत देऊ नका. शिकायला काही महिने लागतात, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच शहरात आहे. फोटोच्या मागं बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. 'आजोबा आणि मित्र' असं नको, डावीकडून नावं लिहा. संरक्षित स्मारकावर ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. आणि वाडा उतरवताना नाण्यांचा गडू मिळाला तर 'वाटून घेऊ' हा विचार सोडा : १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं घबाड जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. त्याआधी नाणी चिंच लावून घासू नका. नाण्याच्या जाणकाराला ती काळी-हिरवीच हवी असतात.