साइटवरचा प्रथमोपचार : या चुका टाळा

बहुतेक साइटवर प्रथमोपचार पेटी असते, पण ऑफिसच्या कपाटात, आणि किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. तो जेवायला गेला की पेटी नसल्यातच जमा. 1948 च्या कारखाने कायद्यात दर 150 कामगारांमागे निदान एक पेटी सांगितली होती. बांधकामावर मात्र माणसांइतकेच मजलेही मोजावे लागतात. बाराव्या स्लॅबवर जखम झाली आणि पेटी तळमजल्यावर असेल तर तिचा उपयोग काय? काम चालू असेल त्या मजल्यावर, बिनकुलपी पेटी ठेवा.

सर्वांत दुर्लक्षित इजा ओल्या सिमेंटची. स्लॅब भरताना काँक्रीट गमबुटात शिरतं किंवा फिनिशिंगवाला ओल्या कोब्यावर गुडघे टेकून बसतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, म्हणून 'स्लॅब संपला की धुऊ' असं ठरतं. इथेच घात होतो. ओल्या सिमेंटचा पीएच 12 ते 13, म्हणजे तीव्र अल्कली. ते कातडीत हळूहळू खोल उतरत राहतं आणि संध्याकाळी बूट काढला की पायाची साल निघते. सिमेंट आत गेल्याचं कळताच बूट-मोजे काढा. कोरडी भुकटी असेल तर आधी झटका, मग वाहत्या पाण्याखाली किमान 20 मिनिटं धरा. ओल्या फडक्याने पुसल्याने ते फक्त पसरतं. अल्कलीवर उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका, खोबरेल तेलही नको. कातडी पांढुरकी किंवा काळपट दिसली तर दुखत नसलं तरी दवाखाना गाठा. खोल भाजलं की दुखणं उलट कमी होतं.

चुना, सिमेंट, पुट्टी डोळ्यात गेली तर हेच सूत्र, फक्त घाई जास्त. डोळा चोळणं आणि पाण्याचे चार हबके मारून 'आता बरंय' म्हणत कामाला लागणं, या दोन चुका डोळा घालवू शकतात. नळ नसेल तर पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा जार घ्या. मिनिटाला लिटरभर या धारेने तो 20 मिनिटं पुरतो. इजा झालेला डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलतं ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरायला दुसरा माणूस लागतोच, कारण जळजळीने डोळा आपोआप मिटतो. गुलाबपाणी, मध, दूध काही नको. धुऊन झालं की लगेच नेत्ररुग्णालय. ग्राइंडरची ठिणगी बुबुळात रुतली असेल तर गोष्ट वेगळी : काडेपेटीच्या काडीने ती उकरू नका, डोळ्यावर दाब न येईल असा कागदी कप चिकटपट्टीने बसवा आणि न्या.

परांचीवरून माणूस पडला की दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि त्याला रिक्षात कोंबतात. मणका मोडला असेल तर या उचलण्यात मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे जाऊ शकतात. वरून सामान कोसळण्याचा धोका नसेल तर त्याला तिथेच राहू द्या. डोक्याशी बसून डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरा, 108 ला फोन करा. पाणी, चहा पाजू नका. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं, आणि बेशुद्धाच्या घशातून पाणी श्वासनलिकेत जातं. पडलेला उठून 'काय झालं नाही' म्हणाला तरी त्या दिवशी त्याला खोलीवर एकटं सोडू नका. उलटी, पेंग, बडबड यांपैकी काही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

अंगात घुसलेली सळई ओढून काढू नका. तिच्यामुळेच आतला रक्तस्राव थोपलेला असू शकतो. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या जाड घड्या लावून ती हलणार नाही अशी बांधा. ग्राइंडरने कापायला जाल तर सळई तापते आणि थरथरते, ते काम अग्निशमन दलाला करू द्या. साध्या जखमेत हळद, कॉफी पावडर किंवा सिमेंट भरण्याऐवजी स्वच्छ कापड ठेवून तळहाताने 10 मिनिटं सलग दाबा. मध्ये उचलून पाहू नका, पाहिलं की नव्याने वाहायला लागतं. हातापायातून रक्त उसळतच असेल तर जखमेच्या वर, सांधा सोडून, 4-5 सेंटिमीटर रुंद पट्टी पिळून घट्ट बांधा आणि वेळ लिहून ठेवा. बांधणीची तार किंवा सुतळी मांसात रुतते, ती नको. तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका : ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा.

शॉक लागलेल्याला वाळूत पुरण्याचा प्रकार काही साइटवर अजून चालतो. त्यात मोलाची मिनिटं जातात. आधी डीबीवरून (वीज वाटणाऱ्या पेटीवरून) मेन स्विच बंद करा. सळई उचलताना वरच्या 11 केव्ही (11,000 व्होल्ट) लाइनला लागली असेल तर कोरड्या बांबूनेही जवळ जाऊ नका. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब थांबा. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर छातीच्या मध्यभागी 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाब द्या. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर नुसते दाबही चालतील. शुद्धीवर आला तरी ईसीजी काढलाच पाहिजे.

भूमिगत टाकीत शटरिंग (काँक्रीटला आधार दिलेल्या लाकडी फळ्या) काढायला उतरलेला माणूस कोसळला की दुसरा त्याच्यामागे उडी घेतो, आणि तोही कोसळतो. बंद, दमट टाकीत लाकूड कुजून प्राणवायू कमी झालेला असतो, त्याला वासही येत नाही. वरूनच पंख्याने हवा सोडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. कमरेला दोर बांधला म्हणून उतरणं सुरक्षित होत नाही.

एप्रिल-मेमध्ये चक्कर आलेला बिगारी भरकटल्यासारखा बोलत असेल तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, तोवर दुसऱ्याने 108 लावावा. शुद्धीत, पण नुसता थकलेला असेल तर ओआरएसची मोठी पुडी पूर्ण 1 लिटर पाण्यातच कालवा. ग्लासभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होतं.

108 ला पत्ता सांगताना बिल्डिंगचं मार्केटिंगचं नाव चालकाला कळत नाही. रस्ता, जवळचा चौक, कुठलं गेट हे सांगा. एक माणूस गेटवर उभा करा आणि वाटेत लावलेला हायवा ट्रक आधीच हलवायला लावा.