मीठ टाकून हँडवॉश घट्ट कसा करायचा, आणि नेमकं कुठे थांबायचं

"मीठ टाका, घट्ट होतं" एवढंच सगळे सांगतात, पण का होतं ते कळलं की बॅच वाया जात नाही.

आधी बेस करा. ७५ ग्रॅम आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात १५ ग्रॅम एसएलईएस पेस्ट (फेस आणि सफाई करणारा मुख्य घटक, ७० टक्केवाली) टाकून झाकून रात्रभर ठेवा. मधे गोळे कडक जेलसारखे होतात, घाबरू नका, आणि जोरात घुसळू नका नाहीतर नुसता फेस. सकाळी १० ग्रॅम कोको बीटेन (फेस करणारा दुसरा, सौम्य घटक) घाला, हळूच ढवळा.

आता मीठ. एकदम नाही, अर्धा अर्धा ग्रॅम टाकायचं, पूर्ण विरघळू द्यायचं, मग चमच्यावरून धार कशी पडते बघायचं.

होतं काय, तर एसएलईएसच्या रेणूचं डोकं निगेटिव्ह असतं. पाण्यात हे रेणू गोळा होऊन मायसेल बनतात, पण डोकी एकमेकांना ढकलतात म्हणून मायसेल छोटे गोल राहतात. मिठातला सोडियम पॉझिटिव्ह, म्हणजे इथला काउंटरआयन (विरुद्ध चार्जचा आयन), तो डोक्यांभोवती गर्दी करतो, ढकलाढकली कमी होते, डोकी जवळ येतात आणि गोल मायसेल लांबत जाऊन शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत अडकतात. तोच घट्टपणा. आणि नुसता आकार नाही, मायसेल बनायलाही कमी माल पुरतो: साध्या एसडीएसला (एसएलईएसचाच जवळचा भाऊ) २५ अंशांना लिटरला साधारण ८ मिलिमोल लागतात, ०.१ मोलर मीठ असेल तर दीडच्या आसपास.

धार मधासारखी झाली की थांबा!! अजून टाकलं तर शेवयांना फांद्या फुटतात, त्या एकमेकींवरून सरकायला लागतात आणि सगळं परत पातळ, पुढे गढूळ. मीठ काढता येत नाही, बिनमिठाचा बेस मिसळणं हाच उपाय. बीटेनमध्ये आधीच मीठ असतं हेही धरा.

लो-सोडियम मीठ वापरू नका, विशेषतः एसएलईएसऐवजी एसएलएस पावडर (म्हणजे वरचं एसडीएसच) घेतली असेल तर. त्यातला पोटॅशियम एसडीएसशी जोडी जमवून रूम टेंपरेचरला पांढरा साका खाली बसवतो. बायोटेक लॅबमध्ये जिवाणूंमधून प्लाझमिड (छोटा गोल डीएनए) काढताना पोटॅशियम अॅसिटेट टाकल्यावर जो पांढरा गाळ दिसतो त्यात हेच असतं, तिथे तो मुद्दाम हवा असतो, हँडवॉशच्या बाटलीत नको.